राखीव जागा आणि माझी नणंद

आमच्या पक्षाच्या शाखेला पन्नास वर्षं होतायत म्हणून एक पुस्तिका निघणार आहे. वॉर्डातून निवडून आलेल्या प्रत्येकावर दोन-दोन पानं. माझ्या नणंदेवरची पानं लिहायला चिटणीसांनी मला सांगितलं. म्हणाले, "तुम्ही घरच्या. तुम्हाला आतलं ठाऊक." आतलं ठाऊक आहे हे खरं. म्हणूनच हे छापून येईल असं मला वाटत नाही. पण सांगितलंय तर लिहिते.

आधीच कबूल करते. मी माझ्या नणंदेला पाण्यात पाहते. आजकालचं नाही हे, जुनं आहे. लोक आतून जळतात आणि वरून कौतुक करतात. मला ते साधत नाही, माझं तोंडावरच दिसतं. आमचे हे म्हणतात, तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या की समजावं, बहीण जिना चढतेय.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे फ्रॉक मी शिवले, शाळेचं दप्तर उसवलं की माझ्याच मशीनवर यायचं. म्हणजे ज्या माणसाचा मला एवढा त्रास होतो ते मी माझ्याच हातांनी मोठं केलंय. घरात मी तिला 'तू' म्हणते. रागावले की 'कंडक्टरबाई' म्हणते आणि 'तुम्ही' म्हणते. गेल्या काही वर्षांत तिच्या वाट्याला 'तू' फारसं आलेलं नाही.

बाविसाव्या वर्षी ती पाच नंबरच्या बसवर कंडक्टर म्हणून लागली. बस खासगी कंपनीची, स्टेशन ते गिरणी, एका फेरीला पन्नास मिनिटं. आवाज म्हणाल तर मोठा नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत जातो. स्टॉप यायच्या आधीच सांगायची तिची पद्धत. "पुढे दवाखाना. दवाखान्याची माणसं दाराशी या." म्हातारी माणसं, कडेवर मूल असलेल्या बायका, सगळी सावकाश उठून दाराशी येऊन उभी राहायची आणि बस थांबली की निवांत उतरायची. इतर बसमध्ये स्टॉप आला की एकच गोंधळ. तिच्या बसमध्ये नाही.

बायकांच्या बाकावर एखादा दांडगा पुरुष बसून राहिला तर ती भांडायची नाही. जवळ जाऊन एकदाच म्हणायची, "उठा." आणि मग घंटी द्यायचीच नाही. बस जागेवर उभी. ड्रायव्हर आरशात बघतोय, ही खिडकीबाहेर बघतेय. मिनिटभरात अख्खी बस त्या माणसाला उठवायची. हे मी स्वतः पाहिलंय. मला त्या वेळी अभिमान वाटायला हवा होता, असं आपलं मला नंतर वाटलं.

लग्न केलं नाही तिने. विचारायला आले काही जण. प्रत्येकाला तिने चहा दिला आणि पुढच्या गाडीने या म्हणावं तितक्या सहज परत पाठवलं. समोरची खोली तिची, आतल्या दोन आमच्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं. पहाटेची पाळी करून आली की तिचा चहा ताटलीखाली झाकून ठेवलेला असतो. ठेवणारे आमचे हे. माझा चहा निवला तर म्हणतात, "गरम करून घे की."

माझं शिलाईचं दुकान खालच्या खोलीत आहे. गिऱ्हाईक यायचं ते पाच नंबरच्या बसने, आणि आलं की मापं द्यायच्या आधी माझ्या नणंदेचे गोडवे गायचं. कुणाची विसरलेली पिशवी तिने घरपोच केली, कुणाला भोवळ आली तर बस दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. मी तोंडात टाचण्या धरून ऐकायचे. टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही.

एकच गोष्ट होती जी माझी होती आणि तिची नव्हती. ती म्हणजे पक्ष.

अठरा वर्षं मी पक्षात होते. झेंडे मी शिवले, फलकांचं कापड मी शिवलं, सभेला खुर्च्या लावल्या, मतदार याद्या घेऊन दारोदार फिरले. वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव निघाली की सगळे म्हणायचे, आता तुमच्याशिवाय कोण. आणि अध्यक्ष म्हणायचे, "तयार राहा."

आमच्या पक्षाची एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. खुल्या जागांची नावं अर्ज भरायच्या महिनाभर आधी जाहीर होतात. फोटो छापतात, भिंती रंगवतात, उमेदवार हात जोडून गल्लीबोळ पालथे घालतात. राखीव जागांचं मात्र भिजत घोंगडं. बायकांची जागा असो, अपंगांची असो, की ज्यांना आजवर कुणी विचारलं नाही अशा कुणाचीही असो, नाव ठरायचं ते अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. अर्ज घेतात तीनपर्यंत. नाव यायचं दोन-अडीचला. मग मतदानाला उरायचे चौदा दिवस. त्या चौदा दिवसांत त्या बाईने फोटो काढायचा, पत्रकं छापायची, आणि लोकांना सांगायचं की मी उभी आहे.

अध्यक्षांना विचारलं तर म्हणायचे, "एकीचं नाव आधी फुटलं की बाकीच्या रुसतात. शेवटच्या तासाला रुसायलाही वेळ नसतो." पुरुष रुसत नाहीत का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्याहून गंमत म्हणजे पक्षाचं जे पत्र अर्जाला जोडायचं, त्यावर सही असायची, शिक्का असायचा, पण नावाची जागा कोरी. नाव लिहायचं ते काउंटरवर जाऊन. वाटेत मन बदललं तर कागद वाया जायला नको.

या रीतीने माझ्या तोंडाला दोनदा पानं पुसली होती. पहिल्या वेळी मी एक दाखला आणायला अर्धा तास बाहेर गेले, आणि नाव गेलं एका ठेकेदाराच्या बायकोला, जी तेवढ्यात अध्यक्षांसमोर येऊन बसली होती. दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला, सकाळपासून निवडणूक कचेरीच्या रांगेत उभी राहिले. नाव गेलं अध्यक्षांच्या मेहुणीला. ती बिचारी त्यांना घराची किल्ली द्यायला पक्षाच्या ऑफिसात आली होती. पडली ती, दणकून पडली. पण मी धडा घेतला. शेवटच्या तासाला जी अध्यक्षांच्या नजरेसमोर, तिचंच नाव.

तिसऱ्यांदा जागा राखीव निघाली तेव्हा मी ठरवलं, काही झालं तरी ऑफिसातली खुर्ची सोडायची नाही. मग रांगेत कोण उभं राहणार? तीनला कचेरीचं फाटक बंद होतं. तोवर जे आत असतील त्यांनाच नंबराच्या चिठ्ठ्या मिळतात आणि त्यांचेच अर्ज घेतात. शिवाय उमेदवाराने अधिकाऱ्यासमोर स्वतः सही करावी लागते. म्हणजे माझी जागा धरून ठेवणारं कुणीतरी हवं होतं, जे दुपारी माझ्या हातात जागा देईल आणि बाजूला होईल. सूचक म्हणून सहीही करेल.

मी नणंदेला सांगितलं. ती तेव्हा चौतीस वर्षांची. तिने रजा टाकली आणि म्हणाली, "उभंच राहायचंय ना वहिनी? बारा वर्षं मी दुसरं काय करतेय."

त्या दिवशी पक्षाच्या ऑफिसात आम्ही सात जणी होतो. प्रत्येकीच्या मांडीवर फाईल, आणि जी ती म्हणत होती, मी आपली सहज आले. एकीने फाईल शालीखाली लपवली होती. अध्यक्ष आतल्या खोलीत फोनवर. दार किलकिलं. मी दारासमोरची खुर्ची धरली होती आणि सकाळपासून पाणीसुद्धा बेताने प्यायले होते, उठायला लागू नये म्हणून. एक वाजला. दोन वाजले. वरून कुणाचा तरी फोन यायचा होता, तो येईना.

दोन पस्तीसला अध्यक्ष बाहेर आले आणि त्यांनी माझं नाव घेतलं.

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. मी आधी बाकीच्या सहा जणींची तोंडं बघितली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. चिटणीसांनी सही-शिक्क्याचं पत्र पिशवीत घातलं, स्कूटर काढली, मला म्हणाले, "बसा मागे, वेळ नाही." आणि त्याच वेळी अध्यक्ष म्हणाले, "अहो, एक फोटो तर होऊ दे."

अठरा वर्षांत अध्यक्षांबरोबर माझा एकही फोटो नव्हता. फोटोंमध्ये मी शिवलेले झेंडे असायचे, मी नसायचे. मी चिटणीसांना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." अध्यक्ष म्हणाले, "मी माझ्या गाडीतून पाठवतो यांना, पाच मिनिटांत पोचतील." फोटोवाल्याला खुर्च्या हलवायच्या होत्या. मग त्या सहा जणींनाही फोटोत यायचं होतं. मग एकदा माझे डोळे मिटले म्हणून पुन्हा.

कचेरीच्या रस्त्यावर दुसऱ्या पक्षाची मिरवणूक होती. गाडी अडकली तिथून मी उतरले आणि चपला हातात घेऊन धावले. फाटकाशी पोचले तेव्हा तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. पहारेकरी वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, तीन म्हणजे तीन. माझ्या हातात नाही."

गजांच्या आत नणंद उभी होती. हातात चौदा नंबरची चिठ्ठी, बगलेत माझी फाईल. शेजारी चिटणीस, घामाने डबडबलेले, फोन कानाला. पलीकडून अध्यक्ष काय म्हणतायत ते मलाही ऐकू येत होतं, एवढे ते ओरडत होते. "आत आपलं कोण आहे?" चिटणीस म्हणाले, "कंडक्टरबाई आहेत. सूचक म्हणून आल्यात, स्वतःचे कागद आणलेत." मग, "तिचं नाव घाला. जागा मोकळी सोडू नका. सूचक तुम्ही व्हा."

चिटणीसांनी फोन तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. ती फाटकापाशी आली आणि मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही नको म्हणालात तर नको. मी आत्ता बाहेर येते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पायांत चपला नव्हत्या, पदर सुटला होता. मी म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, कंडक्टरबाई."

मग चिटणीसांनी तिला हाक मारली आणि ती गेली.

पुढची पाच वर्षं मी दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं की नणंदेने माझ्या हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला. फाटकाशी तिने मला विचारलं होतं, हे आज पहिल्यांदा लिहितेय. आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. ते आता पुस्तिकेत वाचतील, छापलं तर.

चौदा दिवसांत ती निवडून आली, चारशे बारा मतांनी. तिला फोटो छापायची गरजच नव्हती, बारा वर्षं अर्धा वॉर्ड तिचं तोंड रोज सकाळी बघत होता. सत्काराला तिला घालायचा पट्टा शिवायचं काम माझ्याकडेच आलं. मी कडेला दुमड घातली नाही. स्टेजवर ती उभी राहिली तेव्हा पट्ट्याचे धागे लोंबत होते आणि मी तिसऱ्या रांगेतून ते मोजत होते. घरी येऊन तिने माझी कात्री मागितली, धागे कापले, कात्री परत दिली. भांडली असती तर मला इतकं झोंबलं नसतं.

काम मात्र तिने केलं, हे लिहायलाच हवं, नाहीतर चिटणीस म्हणतील काय लिहिलंय. नोकरी सोडली नाही, पहाटेची पाळी ठेवली. दुपारनंतर वॉर्डात फिरायची, तीही बससारखीच, ठरल्या वेळी. मंगळवारी सव्वापाचला पंपामागची गल्ली, बुधवारी दवाखान्याची मागची बाजू. लोक दारात उभे राहायचे. काय तुंबलंय, कुठला दिवा गेलाय, कुणाचा अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय, हे वहीत लिहायची नाही. तिला पाठ असायचं. झालेलं काम पुढच्या फेरीत सांगायची, न झालेलंही सांगायची. दवाखान्याच्या स्टॉपवर छप्पर आलं. पंपामागच्या गल्लीत पाणी सकाळी यायला लागलं. बायका माझ्याकडे ब्लाउज शिवायला यायच्या आणि पाण्याचं सांगायच्या. माझ्या नळालाही तेच पाणी यायचं. मी ते भरायचे आणि मनात म्हणायचे, मलाही चौदा दिवस मिळाले असते, नाही, महिना मिळाला असता, तर मी दाखवलं असतं.

हे मी मनातच म्हणायचे असं नाही. सगळ्यांना म्हणायचे. "वेळ मिळाला नाही हो मला." लोकांनाही ते पटायचं, कारण खोटं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी शाखेच्या मासिक बैठकीत ती उभी राहिली. मी मागे चहाच्या टेबलापाशी होते. ती म्हणाली, "राखीव जागांची नावं बाकीच्यांबरोबरच जाहीर व्हायला हवीत. एकाच दिवशी."

अध्यक्ष हसले. "आत्ता कुठे तुम्हाला दोन वर्षं झाली, कंडक्टरबाई."

"स्टॉप आल्यावर स्टॉप सांगून उपयोग नाही," ती म्हणाली. "आधी सांगावं लागतं. म्हणजे माणूस उठून दाराशी येतो. तुम्ही गाडी थांबल्यावर सांगता, आणि मग म्हणता, बायकांना उतरता येत नाही."

सगळे हसले आणि विषय पुढे गेला. पुढच्या महिन्यात ती पुन्हा उभी राहिली आणि तेच बोलली, त्याच आवाजात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही. चौथ्या की पाचव्या बैठकीपासून तिने एक नवीन केलं. बैठकीच्या शेवटी ठरावांवर तिची सही लागायची, निवडून आलेली सदस्य म्हणून. ती पेन हातात घ्यायची आणि सही न करता खिडकीबाहेर बघत बसायची. मी ओळखलं, घंटी देत नाहीये. हसणारे हळूहळू अध्यक्षांकडे बघायला लागले. आठ महिने हे चाललं. शेवटी कंटाळून अध्यक्षांनी लिहून दिलं की या वॉर्डापुरतं तरी नाव महिनाभर आधी जाहीर होईल.

मला काय वाटलं सांगू? की हे मी करायला हवं होतं. अठरा वर्षं ज्या रीतीने मला छळलं, तिच्याबद्दल मी एक अक्षर काढलं नव्हतं. मी फक्त त्या रीतीत बसायची जागा शोधत होते, आधी रांगेत, मग खुर्चीत. आणि हिने येऊन तीन वर्षांत ती रीतच उचलून बाजूला ठेवली. त्या दिवशी मी बैठकीचे कप धुतले नाहीत, तसेच टाकून घरी आले.

पाच वर्षं संपली. जागा पुन्हा बायकांसाठी राखीव निघाली. सगळ्यांनी धरलंच होतं की तीच उभी राहणार. ती म्हणाली, "माझी एक फेरी झाली. वहिनींचं नाव घ्या. मागच्या वेळी त्यांना वेळ मिळाला नव्हता."

हे ती अध्यक्षांना सगळ्यांसमोर म्हणाली. माझं नाव खुल्या जागांच्या नावांबरोबर जाहीर झालं, एकाच कागदावर. मतदानाला चव्वेचाळीस दिवस होते. माझा फोटो भिंतीवर लागला, एकटीचा. मी रोज त्या भिंतीवरून जायचे, वाट वाकडी करून. आणि तरी मनात एक ठसठस होतीच, की हे तिने दिलंय. मी घेतलंय आणि तिने दिलंय.

पहिले चार दिवस ती माझ्याबरोबर फिरली. दार उघडलं की माणसं तिच्याशी बोलायची. ती विचारायची, मुलगी कशी आहे, पाय कसा आहे; लोक विचारायचे, तो अर्ज पुढे सरकला का. मी हात जोडून उभी. पाचव्या दिवशी मी म्हणाले, "तुम्ही येऊ नका उद्यापासून, कंडक्टरबाई. लोकांना मला बघू दे." ती म्हणाली, "बरं वहिनी."

मी एकटी फिरले. दार उघडलं की पहिला प्रश्न, "कंडक्टरबाई नाही आल्या?" दुसरा प्रश्न, "तुम्ही त्यांच्या वहिनी ना?" मी हो म्हणायचे आणि मग मागच्या वेळी फाटक कसं बंद झालं ते सांगायला लागायचे. पहिल्या आठवड्यात लोकांनी ऐकून घेतलं.

चौथ्या आठवड्यात दवाखान्यामागच्या गल्लीत एका निवृत्त पोस्टमनने मला आत बसवलं. पाणी दिलं. माझं फाटकाचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "हे कळलं बाई. अन्यायच झाला. आता निवडून आलात तर काय करणार ते सांगा."

तेवीस वर्षं मी एवढाच विचार केला होता की माझं नाव यावं. नाव आल्यानंतरचा एकही दिवस मी कधी मनात आणला नव्हता. मी म्हणाले, "करू की सगळं." त्याने मान हलवली आणि मला दारापर्यंत सोडलं.

त्या संध्याकाळी नणंद स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. माझं तोंड बघून तिला काहीतरी कळलं असावं. म्हणाली, "वहिनी, कुठे काय राहिलंय ते सांगू का? गल्लीवार सांगते. तासाभराचं काम आहे."

तासाभराचंच होतं. मला ते हवंही होतं. पण उद्या मी ते दारोदार बोलणार आणि लोक म्हणणार, कंडक्टरबाईंनी शिकवून पाठवलंय. मी म्हणाले, "माझं मी बघते." ती पुन्हा भाजी निवडायला लागली.

समोरच्या पक्षातही आमच्यासारखीच शेवटच्या तासाची रीत होती आणि त्यांनी ती पाळली होती. त्यांची उमेदवार, एक शाळामास्तरीण, शेवटच्या दिवशी दुपारी पावणेतीनला अर्ज घेऊन आली. मी माझा अर्ज भरून तिथेच थांबले होते. तिचं पेन चालत नव्हतं, सही उमटत नव्हती. मी तिला माझं पेन दिलं आणि मनात म्हटलं, चौदा दिवसांत ही काय करणार.

मी एकसष्ट मतांनी पडले.

निकालाच्या संध्याकाळी आमच्या समोरच्या खोलीत माणसं जमली होती. चिटणीस होते, शेजारचे दोघं-तिघं होते, आमचे हे भिंतीला टेकून बसले होते. मी खाली मान घालून बसले होते आणि कुणी काही बोलू नये असं मला वाटत होतं, कारण ज्याने त्याने मनात चव्वेचाळीस आणि चौदा हे दोन आकडे मांडून पाहिले असणारच. माझ्याकडे सांगायला आता काहीच उरलं नव्हतं.

नणंदेची त्या दिवशी दुपारची पाळी होती, ती तिथून थेट आली. कामाचे कपडेही बदलले नव्हते. दारातच उभी राहिली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि तिच्या त्या आवाजात म्हणाली, "वहिनींना वेळ कमी पडला. नाव अजून आधी यायला हवं होतं."

आठ महिने भांडून तिने ते दिवस मिळवले होते. ते किती होते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. चिटणीसांनी लगेच मान डोलावली. शेजारचे म्हणाले, खरंय, खरंय. आमच्या ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला. ती माझ्याकडे बघत नव्हती, वाकून बुटाची नाडी सोडत होती.

तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. एवढ्या माणसांसमोर तिच्यापेक्षा एकदा तरी मोठं होता आलं असतं.

मी म्हणाले, "हो ना. वेळच कुठे मिळाला मला."